चोराला जुळलेला चेहरा

पाकीट हरवलं की माणसं दोन प्रकारची निघतात. एक ती, जी लगेच धावाधाव करतात. आणि दुसरी ती, ज्यांचा माणुसकीवर विश्वास असतो. टचअपचा माणुसकीवर गाढ विश्वास होता, कारण धावाधाव करायची तर दुकान बंद ठेवावं लागलं असतं.

टचअप हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ओळखपत्रांसाठी, अर्जांसाठी फोटो काढायचं त्याचं दुकान चौकाच्या कोपऱ्यावर होतं, आणि त्या दुकानात गेलेला माणूस गेला तसा कधी बाहेर आला नव्हता. डोळ्यांखालची वर्तुळं, गालावरचे खड्डे, गळ्याखाली लोंबणारी दुसरी हनुवटी हे सगळं टचअप कॉम्प्युटरवर इतक्या अलगद उचलून टाकी, की गिऱ्हाइकाला स्वतःविषयी नव्यानं आदर वाटू लागे. अर्जाच्या फोटोत काडीचाही बदल करू नये असा सरकारी नियम होता. नियमाची पाटी दुकानात ठळक लावलेली होती. ती टचअपनेच छापली होती, आणि अक्षरं फार सुबक आली होती.

तर पाकीट बाजारात कुठेतरी पडलं, किंवा कुणीतरी काढलं. त्यात ओळखपत्र होतं, बँकेचं कार्ड होतं आणि ओळखपत्राच्या तीन झेरॉक्स होत्या. ओळखपत्र हरवलं तर झेरॉक्स जवळ असाव्यात, म्हणून त्या ओळखपत्राच्याच कप्प्यात ठेवल्या होत्या. शिवाय ऐनवेळी धांदल नको म्हणून तिन्हींवर आधीच सह्या करून ठेवलेल्या. तारीख तेवढी घालायची बाकी. इतकी तजवीज माणूस पोटच्या पोरासाठीही करत नाही.

बायकोने त्याच दिवशी सांगितलं होतं की कार्ड बंद करा, पोलिसांत तक्रार द्या, मग जेवायला बसा. टचअपने उलटा क्रम धरला. जेवता जेवता म्हणाला, पाकिटात रोकड नव्हतीच, नुसत्या कागदांचं कोण काय लोणचं घालणार?

"अहो, रोकड असती तर ती घेऊन तो गप्प बसला असता," बायको म्हणाली.

हे टचअपला पटलं नाही, पण लागलं. आपण हातावर हात धरून बसलेलो नाही हे दाखवण्यासाठी त्याने मोबाइलवर वस्तीच्या ग्रुपमध्ये निवेदन टाकलं. पूर्ण नाव, पत्ता, संपर्कासाठी मोबाइल नंबर, आणि सापडलेलं कार्ड आपलंच आहे हे लोकांना ओळखता यावं म्हणून जन्मतारखेसकट ओळखपत्राचं कॉम्प्युटरात ठेवलेलं रंगीत चित्र, दोन्ही बाजूंनी. दोघातिघांनी हळहळ व्यक्त केली. बाकीच्यांनी फोटो झकास आलाय असं कळवलं. टचअपने एकेकाचे मनापासून आभार मानले.

ते निवेदन त्याच्या मेहुणीच्या दृष्टीस पडलं. मेहुणी विमा कंपनीत होती, दाव्यांच्या विभागात. लोकांचे मूर्खपणे दिवसभर वाचून त्यांना क्रमांक देणं हेच तिचं काम. कचेरीतून ती तडक बहिणीकडे आली आणि चप्पल काढायच्या आधी बोलली.

"भाऊजी, त्या चोराकडे तुमची सही होती, कार्ड होतं. फोन नंबर तेवढा नव्हता. तो तुम्ही घरपोच दिलात. आणि कार्डाची मागची बाजूसुद्धा दाखवलीत, न जाणो, त्याला उलटून बघायचा कंटाळा आला तर."

टचअप म्हणाला, वस्तीतली माणसं आपली आहेत. मेहुणी म्हणाली, आपल्या माणसांचे मेहुणे, भाचे आणि शेजारी आपले नसतात. तिने त्याच्याच बोटाने ते निवेदन पुसायला लावलं आणि करायच्या गोष्टी धडाधड सांगितल्या. बँकेचं कार्ड आत्ता बंद करायचं, सगळे पासवर्ड बदलायचे, तक्रार देऊन तिची शिक्क्याची प्रत घ्यायची, ओळखपत्राच्या वेबसाइटवर जाऊन ते कुलूपबंद करायचं. यापुढे कुणाला झेरॉक्स दिलीच, तर ती कशासाठी दिली ते तिच्यावर आडवं लिहायचं. टचअपने शांतपणे ऐकून घेतलं. कार्ड बंद केलं, कारण मेहुणी डोक्यावर उभी होती. बाकीचं दुकानाच्या सुट्टीला निवांत करू म्हणाला. चोर मात्र सुट्टीची वाट बघणाऱ्यांतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टचअपचा फोन मुका झाला. त्याने तो बंद करून चालू केला, हाताच्या तळव्यावर आपटला, कंपनीच्या सात पिढ्या उद्धरल्या. बायकोने आपल्या फोनवरून बहिणीला विचारलं. ती म्हणाली, फोनला काही झालेलं नाही. भाऊजींच्या नंबरचं नवं सिम कुणीतरी काढलंय. आता बँकेचा प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जाणार.

त्या बँकेत संसाराची सगळी पुंजी होती. बायकोने तिथे फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलून म्हणाली की संध्याकाळपर्यंत खातं रोखून ठेवता येईल, तेवढ्यात नंबर परत ताब्यात घ्या. त्यानंतर ज्याच्या हातात नंबर, तो मालक, असंच आमची यंत्रणा समजते. बायकोने फोन ठेवला आणि बहिणीला तडक निघून यायला सांगितलं. टचअपने त्या दिवशी पहिल्यांदा भर बाजाराच्या वेळी दुकानाचं शटर खाली ओढलं.

मोबाइल कंपनीच्या सेवा केंद्रात तो मेहुणीबरोबर पोचला, तेव्हा रांग दारापर्यंत आली होती. रांगेत निम्मी वस्तीच उभी होती. टचअपने हसून मान डोलावली, कारण ती सगळी त्याची गिऱ्हाइकं होती. दुपार कलल्यावर पाळी आली, तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी त्याचं म्हणणं ऐकलं, पडद्यावर पाहिलं आणि म्हणाल्या की सिम तर आज सकाळीच देऊन झालंय.

"मला नाही दिलं," टचअप म्हणाला.

"ज्यांचं नाव आहे त्यांना दिलं. सही केलेली प्रत आणली होती त्यांनी. कॅमेऱ्याने चेहराही पहिल्या झटक्यात जुळवला."

मग त्यांनी टचअपला कॅमेऱ्यासमोर बसवलं. यंत्राने थोडा विचार केला आणि लाल फुली दाखवली. चष्मा काढून बसवलं, पुन्हा फुली. तिसऱ्यांदा त्याने श्वास रोखला, हनुवटी वर केली, कपाळावर उरलेसुरले केस ओढून घेतले. फुलीच.

"हे तुमच्या धाकट्या भावाचं कार्ड आहे का, काका?" बाईंनी पडद्यावरचं ओळखपत्र दाखवत विचारलं.

चोरीपेक्षा 'काका' त्याच्या जास्त जिव्हारी लागलं. पण बाईंची काही चूक नव्हती. गिऱ्हाइकाला टचअप फार तर पाच वर्षं माफ करी. स्वतःला त्याने वीस माफ केली होती. कपाळावरचे केस एका कॉलेजकुमाराच्या फोटोतून उसने आणले होते, नाक बारीक केलं होतं आणि हनुवटीला अशी धार लावली होती की कागद कापला जावा. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं लोक म्हणतात. टचअपच्या घरी आरसा होता, पण त्याचा भरवसा फोटोवर होता.

"तो जो सकाळी आला होता," त्याने आवाज खाली आणून विचारलं, "दिसायला कसा होता?"

"चांगला होता. फोटोसारखाच."

हे ऐकून माणसाने घाबरायला हवं होतं. टचअप घाबरलाही, पण त्याच्याआधी क्षणभर टचअपच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते समाधान होतं. मेहुणीने ते पाहिलं आणि मान फिरवली.

बाई म्हणाल्या की फोटोत आणि समोरच्या माणसात एवढा फरक का, हे त्यांना लिहावं लागेल. फोटो कुठे काढला होता? टचअपला पाठीला डोळे नसूनही दिसलं की रांगेतले सगळे कान इकडे लागलेत. आपणच काढला आणि आपणच रंगवला म्हणावं, तर दुकानाचा परवाना जाणार आणि त्याच्याकडे फोटो काढलेल्या प्रत्येकाची तपासणी लागणार. न म्हणावं, तर संध्याकाळी खातं जाणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मेहुणी मागून कोपर मारत होती, बोला म्हणून.

त्याने बोलायला वर पाहिलं, आणि त्याची नजर बाईंच्या गळ्यातल्या कंपनीच्या ओळखपत्रावर खिळली.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "तुमच्या अंगातला कोट माझा आहे."

भाऊजींच्या डोक्यावर परिणाम झाला असं मेहुणीला वाटलं. बाईंच्या अंगात साधा सदरा होता. टचअपने फोटोकडे बोट केलं. "डाव्या कॉलरला चुणी आहे बघा. ती मला कधीच घालवता आली नाही. तुम्ही त्या दिवशी कोट घालून आलाच नव्हता."

तो कोट जगात कुठेच नव्हता. टचअपने कधीकाळी कपड्यांच्या जाहिरातीतून तो कापून कॉम्प्युटरात ठेवला होता, आणि मग अर्जाला भारदस्तपणा हवा असलेल्या दर गिऱ्हाइकाच्या आणि स्वतःच्याही मानेखाली चिकटवला होता. बाईंनी आधी आपल्या गळ्यातला फोटो पाहिला, मग पडद्यावरचा टचअपचा. चुणी तीच, तिथेच. त्यांनी रांगेकडे नजर टाकली. दोन माणसांनी हातातली ओळखपत्रं खिशात घातली.

"तुम्ही ते, 'हनुवटी वर, श्वास आत' म्हणणारे?"

"तोच."

दुकानाच्या पाटीवर त्याचं खरं नाव होतं, आणि तेच पडद्यावरही होतं. बाईंना खात्री पटली. पण खात्री लिहायला पडद्यावर रकाना नव्हता, कारणाला होता. खरं कारण लिहिलं असतं तर त्यांच्या स्वतःच्या गळ्यातलं ओळखपत्रही तपासणीला गेलं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ. त्यांनी यंत्रातली कारणं वरून खाली पाहिली.

"अपघात झाला होता का तुम्हाला?"

"नाही."

"फोटो काढताना झाला होता," मेहुणी म्हणाली.

बाईंनी पुढचं कारण निवडलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला. जबानी मोठ्याने वाचायची, आवाज नोंदला जातो. टचअपने मनातल्या मनात वाचली आणि त्याचे कान लाल झाले.

"'ओळखण्यापलीकडे'च्या जागी 'थोडासा' नाही का करता येणार?"

"थोडासा असेल तर यंत्र मानत नाही, काका. आणि काउंटर बंद व्हायला आलंय."

टचअप पुटपुटला. आवाज ऐकू आला नाही, असं पडद्यावर आलं. अखेर त्याने घसा खाकरला आणि अख्ख्या वस्तीच्या देखत, एकेक शब्द दात काढल्यासारखा काढत वाचलं:

"वयोमानामुळे माझा चेहरा ओळखण्यापलीकडे बदललेला आहे, हे मला मान्य आहे."

रांगेत कुणी हसलं नाही. त्यांना अजून आपापली कामं करून घ्यायची होती.

चोराच्या हातातलं सिम तिथल्या तिथे मेलं. नवं सिम टचअपच्या फोनमध्ये गेलं, बँकेचा ओटीपी त्याच्याकडे आला आणि खातं कुलूपबंद झालं. बायकोला कळवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की आता तरी पोलिसांकडे जा. बाईंनी नोंदीसाठी नवा फोटो घेतला. उजेड डोक्यावरून पडत होता, मागे पिवळट भिंत होती, आणि टचअपला त्यात सुधारायच्या अकरा जागा दिसत होत्या. त्याने हात मांडीखाली दाबून धरले. यंत्राने हिरवी खूण दाखवली.

पोलीस चौकीकडे जाताना तो नव्या सिमच्या पावतीवरचा फोटो उलटसुलट करून बघत होता.

"हा एवढा वाईट आलाय का गं?"

"चांगला आलाय, भाऊजी," मेहुणी म्हणाली. "हा कुणी चोरणार नाही."