पोचट बी

त्या दिवशी आई जेवणाच्या टेबलाशी मलमलीच्या पिशव्या शिवत बसली होती. अंगठ्याएवढ्या, तोंडाशी दोरी ओवलेल्या. शहराबाहेरच्या एका गवताळ उतारावर सूर्यफुलाच्या कुळातलं बटणाएवढं पिवळं फूल तेवढं उरलं होतं. दुसरीकडे कुठे सापडत नव्हतं. त्याचं बी पिकलं की वाऱ्यावर उडून जाई, म्हणून फुलांना पिशव्या बांधायच्या. वनस्पती संग्रहालयातली उभी हयात आईने त्याच्यापायी घातली. बाबा होते तेव्हा ते त्या फुलाला 'थोरली' म्हणत. त्यामुळे लेक एकुलती असूनही घरात धाकटीच राहिली, आणि थोरलीला पाण्यात पाहत आली.

आईच्या छातीत अधूनमधून कळ येई. धाकटीने डॉक्टरांची वेळ घेतली की आई ती पुढे ढकलायची. त्या दिवशी मात्र धाकटी हटूनच बसली.

"बरं बाई, उद्याच बांधून टाकते पिशव्या. मग ने कुठे न्यायचं तिथे," आई दोरा तोडत म्हणाली. "थोरलीचं उरकल्याशिवाय धाकटीचं कसं बघू?"

दोघी हसल्या.

दुसऱ्या दिवशी पिशव्या बांधून आई उतार उतरली, रस्त्याकडेला टेकली, ती उठलीच नाही.

बी पिकल्यावर संग्रहालयाचे प्रमुख धाकटीला उतारावर घेऊन गेले. बाईंचं शेवटचं बी लेकीच्या हातून निघावं, असं त्यांना वाटत होतं. तिने पिशव्या सोडल्या. सरांनी एक बी चिमटीत दाबलं. मग दुसरं. मग बरीच. सगळं पोचट.

फुलं उमलायच्या आतच पिशव्या बांधल्यावर माश्या-भुंगे शिरणार कुठून, आणि बी भरणार कसं? नवशिक्यांना बाई पहिल्याच दिवशी हे बजावायच्या, असं सर पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

"बाईंनी एवढी घाई का केली, कळत नाही."

धाकटीला कळत होतं. फुलाच्या बाबतीत आई एकदाच चुकली, तीही हिच्या हट्टापायी. आणि डॉक्टर राहिले ते राहिलेच.

सरांनी मग समजूत घातली. बाई फुलासाठी जगल्या, फुलासाठीच गेल्या. असं मरण भाग्यवंताला येतं. शोकसभेत सगळे हेच म्हणाले होते, आणि हिने मान डोलावली होती.

आता तिने सरांकडे पाठ केली.

"आई," ती उताराकडे बघत म्हणाली, "मला तुझं हे फूल कधीच आवडलं नाही. मला तू हवी होतीस."