शुभचिंतकाने दिलेला स्टार

टेलरबाईंच्या दुकानाला कोणीतरी पाचपैकी एकच स्टार दिला आणि त्या दिवसापासून त्यांची टीप सरळ जाईना. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. कपडे सैल-घट्ट करायचे, चेन बदलायची, अस्तर लावायचं, असली दुरुस्तीची कामं. नवऱ्याने हौसेने दुकान फोनवरच्या नकाशात चढवलं होतं, आणि गिऱ्हाइकं आपणहून पाच-पाच स्टार देत होती. मग हा उपटला. स्टार एक, खाली अक्षर नाही, चेहऱ्याच्या जागी पिवळं फूल, आणि नाव काय, तर 'शुभचिंतक'. कानफटात मारायची आणि वर तब्येत विचारायची, तसला प्रकार.

शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. शिवीला उत्तर तरी देता येतं. बाई फोन मशीनच्या शेजारी ठेवून दर चार टाक्यांनी तो स्टार बघायच्या, जणू कोंबड्या पाळणाऱ्याने अंडी बघावीत, आता फुटतील, मग फुटतील. जेवताना बघायच्या, उठल्याउठल्या बघायच्या. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, सोडून दे. सोडता येत नाही हेच तर दुखणं होतं, म्हणून त्या घरात कोणाकडेच बोलल्या नाहीत.

नाव नाही म्हटल्यावर जो तो चोर दिसू लागला. बँकेतल्या कारकुनाने पॅन्टची कंबर दोनदा ओढून पाहिली, म्हणजे हाच तो. शेजारीण जास्तच गोड हसली, म्हणजे हीच. सुतावरून स्वर्ग गाठायचा, आणि त्या खोलीत सुताला काय तोटा!

अशात संगीतशिक्षिका आल्या. दुकानाचं हे पहिलंवहिलं गिऱ्हाईक. मशीन उधारीवर होतं तेव्हापासून त्यांचे कपडे इथेच येत. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांच्या निरोपाचा कार्यक्रम होता आणि त्यासाठी काळ्या कोटाचं अस्तर बदलायला टाकलं होतं. कोट अजून अर्धवट उसवलेलाच पडला होता, कारण बाईंची सकाळ फोनमध्ये गेली होती. शिक्षिका तो पाहून सहज म्हणाल्या, तुम्हाला एवढा वेळ कधी लागत नाही हो.

तेवढं पुरलं. "मग जा, द्या अजून एक स्टार," बाई म्हणाल्या. "शुभचिंतक म्हणे."

कसला स्टार, शिक्षिकांना काही कळेना. पण बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला होता. इतक्या वर्षांत कधी मापात चूक झाली का, तोंडावर बोलायची हिंमत नव्हती का, फुलांचे फोटो काढायचा नाद तुमच्याशिवाय आणखी कोणाला आहे, सगळं ऐकवून झालं. शिक्षिकांनी लोंबत्या अस्तरासकट कोट उचलला, घडी घातली आणि निघून गेल्या.

दुपारी बाईंनी भरलं ताट तसंच बाजूला सरकवलं. सासऱ्यांनी विचारलं तेव्हा बांध फुटला, आणि त्यांनी फोनच मामंजींच्या पुढ्यात ठेवला. मामंजींनी चष्मा पुसून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, हा मीच की. खरं नाव घातलं तर लोक म्हणतील, सासराच सुनेचं कौतुक करतोय. म्हणून शुभचिंतक. आपल्या कुंडीतलं फूल ओळखलं नाहीस?"

दुकानाच्या दाराशी कुंडीत ते फूल डुलत होतं. फोनवर दिवसातून शंभरदा पाहिलेलं, आणि येता-जाता ओलांडलेलं. काखेत कळसा म्हणतात तो हाच. रागवायचं तरी कोणावर, या विचाराने बाईंना रडू आलं. त्यांनी समजावलं की इथे एक म्हणजे सगळ्यात वाईट, तेव्हा पाच करा. मामंजींनी आपला फोन छातीशी धरला.

"पाचवा नंबर? माझ्या सुनेला? ते माझ्याच्याने व्हायचं नाही. तुझा पहिला."

बाईंनी वाद घातला नाही. काळा दोरा, सुई, कात्री पिशवीत टाकली आणि फोन मशीनवरच ठेवून शिक्षिकांचं घर गाठलं. चूक कबूल केली, सासऱ्यांचा घोळ सांगितला. शिक्षिका हसल्यासुद्धा. मग शेजारी बसून त्यांनी बाईंना अस्तर लावू दिलं. टीप अशी बसली की शोधून सापडू नये.

"छान झालंय," कोट हातावर घेत शिक्षिका म्हणाल्या. "पण पुढचे कपडे मी दुसरीकडे टाकेन. तुमच्याकडे यायला आता मला भीती वाटेल हो."

बाई घरी आल्या तेव्हा मामंजी दारातच होते, कुंडीला पाणी घालत. स्टार बदललेला नाही बरं का, त्यांनी अभिमानाने सांगितलं. बाईंनी मशीनवरचा फोन उचलून पाहिलं. एक स्टार होता, आणि आज पहिल्यांदाच तो त्यांना चुकीचा वाटला नाही.