डावी वाट

आमच्या घरात भांडणाला दुसरं कारण लागायचं नाही, आफ्रिका पुरायची. आई म्हणायची, साहेब डावीकडं वळला. आण्णा म्हणायचे, उजवीकडं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी दोघांनी वडूजच्या जत्रेत, तंबूतल्या सिनेमात तो इंग्रजी पिक्चर पाहिला होता. आफ्रिकेतला खजिना, तहानेनं व्याकूळ झालेला साहेब आणि डोंगराशी फुटलेल्या दोन वाटा. एकीवर खजिना, दुसरीवर मरण. दोघांचा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेलेला. वाटेच्या बाबतीत कोण कुणाचं ऐकतंय?

गेल्या वर्षी सांगलीच्या दवाखान्यात आण्णांनी आईचा हात धरला. बोलताना धाप लागत होती, तरी खोडी काही गेली नव्हती. म्हणाले, "हरणे, हरलो बग. डावीकडनंच गेला त्यो. मीबी तिकडनंच जातो. वाटंत थांबतो, तू सावकाश ये."

जन्मात पहिल्यांदा ते हरले आणि दुसऱ्या दिवशी गेले. आईला जिंकल्याचा आनंद कसला होतोय?

तेव्हापासून ती सांगलीतच, विश्रामबागेत माझ्याकडं आहे. जेवते, बोलते, पण तिचं चित्त इथं नसतं. "माये, ती डावी वाट मला येकदा दाव," असा तिनं धोशाच लावला. शेवटी वैतागून मी तो पिक्चर शोधून काढला आणि रविवारी दुपारी टीव्हीवर लावला.

साहेब डोंगराशी आला. घाम पुसला. आणि खुशाल उजवीकडं वळला.

"परत लाव," आई म्हणाली.

परत लावला. परत उजवीकडं. तिनं पदर तोंडाला लावला.

"त्यांचंच खरं हुतं गं. माजं मन राखायला ते चुकीच्या वाटंनं गेलं. आता मी कुठं हुडकू त्यास्नी?"

मला हसू येणार होतं, पण तिचा चेहरा बघून आवरलं. तिचं मन वळवायला म्हणून उगीच विचारलं, "तंबूत तू कुठं बसली होतीस?"

"सासूजवळ, बायकांत. पडद्याच्या पल्याड."

"आणि आण्णा?"

"गडी मानसं अल्याड. नवी नवरी मी, लय हुडकलं त्यास्नी. दिसलंच न्हाईत."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सिनेमाच्या पातळ पडद्यामागं बसलेल्या बायकांना सगळंच उलटं दिसत असणार. अक्षरंसुद्धा उलटी, पण आईला वाचता कुठं येत होतं? मी तिच्यासमोर उभी राहिले आणि उजवा हात पसरला.

"हा तुझ्या कुठल्या बाजूला आहे?"

"डाव्या."

"तसंच झालं बघ. वाट एकच होती, आई. तुम्ही दोघांनी दोन बाजूंनी बघितली. ते चुकले नाहीत, तूही नाहीस."

ती माझ्या हाताकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हंजे आख्खा पिक्चर ते माज्या समूरच बसलं हुतं?"

"हो."

"माज्याकडं त्वांड करून?"

"हो गं."

"आन मदी नुसतं कापाड."

आईनं डोळे पुसले, सरसावून बसली आणि म्हणाली, "पयल्यापास्नं लाव."

मी लावला. या खेपेला साहेब कुठं वळला, खजिना कुणाला मिळाला, तिनं काही बघितलं नाही. ती पडद्याच्या मधोमध नजर लावून आण्णांना शोधत होती.