उत्पन्न नेमकं कुणाचं?

मी एक प्लॅस्टिकची फाईल बोलतेय. हिरवी, बटणाची, आतलं बाहेरून अर्धवट दिसतं तसली.

औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात माझ्यासारख्या शंभर जणी सुतळीनं बांधून आल्या होत्या. रत्नमालानं दोघींना हातात घेतलं, माझं बटण तीन-चारदा लावून काढून पाहिलं आणि मला निवडलं. मला वाटलं, चला, आता आपल्या पोटात चांगल्या मार्कांचे कागद राहतील, पाहुण्यांना दाखवायला कौतुकानं आपल्याला बाहेर काढतील. कसलं काय! पुढच्या दोन महिन्यांत मला एका खिडकीच्या फटीतून इतक्या वेळा आत-बाहेर सरकवलं की माझ्या कडा पांढऱ्या पडल्या. दरवेळी आतला माणूस माझ्यातले कागद मोजायचा आणि म्हणायचा, एक कमी आहे. मोजायचा हं. वाचायचा नाही.

पण आधी रत्नमालाबद्दल सांगते. वय अठ्ठावीस. पडेगावच्या पुढं दौलताबाद रस्त्याला लागून एक वस्ती आहे, तिथं ती आईवडलांजवळ राहायची. वडील मुंजाबा मेंढरं राखायचे. आई कस्तुराबाई त्यांच्या जोडीला असायची आणि मधूनमधून दुसऱ्याच्या रानात खुरपायलाही जायची. बारावी झाल्यावर रत्नमालाचं लग्न लागलं. नवरा रामप्रसाद चाकणला गाडी चालवायला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. तीन वर्षं फिरकला नाही. फारकत नाही, खर्चाला पैसा नाही, दिवाळीला एखादा फोन. पहिलं वर्ष वाट पाहून ती माहेरी आली आणि शहरातल्या एका लॅबमध्ये काचेच्या नळ्या नि पट्ट्या धुवायच्या कामाला लागली.

लॅबमध्ये गीताबाई म्हणून जुन्या तपासनीस होत्या. पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली की रत्नमालाला मागं उभी करून दाखवायच्या. वर्षभरात तिला मलेरियाचा जंतू ओळखता यायला लागला. गीताबाईंना दीड वर्षानं निवृत्त व्हायचं होतं. एकदा चहा पिताना त्या म्हणाल्या, "तुझी नजर चांगलीये. पण माझ्या खुर्चीवर बसायचं तर हातात पदविका लागंल. नजरेला कोण विचारतंय?"

आणि त्यांनीच कम्युनिटी कॉलेजचं सांगितलं. शहरातल्या एका मोठ्या कॉलेजच्या मागच्या इमारतीत ते चालतं. नोकरी करणाऱ्यांसाठी एक-एक वर्षाच्या पदविका, वर्ग सकाळचे. लॅब सहायकाचीही होती. माहितीपत्रकात छापलं होतं, शुल्क अठरा हजार. त्याच्याखाली: 'पात्र विद्यार्थ्यांस संस्थेच्या निधीतून शिकवणी शुल्क माफ.' ते पत्रक माझ्यात आलेला पहिला कागद. पात्र म्हणजे कोण, हे त्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी पुढून-मागून दोन्हीकडून त्याला चिकटून होते, म्हणून खात्रीनं सांगते.

खिडकीत सुदर्शन सर बसायचे. माणूस वाईट नव्हता. कुणावर ओरडायचा नाही, जेवायच्या सुट्टीतसुद्धा खिडकी पाच मिनिटं उशिरा लावायचा. पण एका वेळी एकच गोष्ट सांगायचा. पहिल्या दिवशी म्हणाला, गुणपत्रिका आणि आधार आणा. ते नेल्यावर म्हणाला, रहिवासी दाखला पाहिजे. तो नेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की गुणपत्रिकेवर रत्नमाला मुंजाबा आहे आणि आधारवर रत्नमाला रामप्रसाद, तर दोन्ही बाया एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र लागेल. तेही झालं. दर फेरीला तिचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला जायचा. पहिल्याच दिवशी चार ओळी लिहून दिल्या असत्या तर कुणाचं काय गेलं असतं? हे मी नुसतं मनात म्हणायचे. रत्नमाला तर मनातही म्हणत नव्हती. घरी गेल्यावर मला खुंटीला अडकवताना जरा जोरात अडकवायची, एवढंच.

एका फेरीला तिनं विचारलं की शिकवणी शुल्क माफ झालं तरी बाकी एकूण किती भरावं लागेल. सुदर्शन सर गोंधळले. प्रयोगशाळा शुल्क वेगळं, परीक्षेचं वेगळं, अनामत वेगळी, ॲप्रन आणि वही तुमची तुम्ही घ्यायची, असं ते बोटांवर मोजत सांगत गेले. सगळ्याची बेरीज करून कुणी मागितलीच नव्हती म्हणे कधी. रत्नमालानं माझ्यातल्या पत्रकाच्या पाठीवर तिथंच बेरीज केली. नऊ हजार चारशे. फुकट शिक्षणाचे नऊ हजार चारशे. ती बराच वेळ त्या आकड्याकडं बघत उभी होती. मागच्या माणसानं सरका म्हटल्यावर सरकली.

मग शेवटचा कागद आला. उत्पन्नाचा दाखला. ती म्हणाली, वडलांचा आणते. सुदर्शन सरांनी मान हलवली.

"लग्न झालंय ना ताई? मग नवऱ्याचा लागतो. विवाहितेला नवऱ्याचंच उत्पन्न धरतात."

"ते इथं राहत नायत, सर. तीन वर्षं झाली."

"मग फारकतीचा कागद आणा. दोन्हींपैकी एक."

दोन्हींपैकी एकही तिच्याकडं नव्हतं. अर्जाला बारा दिवस उरले होते.

कस्तुराबाईचं म्हणणं पडलं की त्याच्या दारात जाऊ नको. मुंजाबांनी मात्र एसटीच्या भाड्याचे पैसे काढून ठेवले. रविवारी पहाटेच्या गाडीनं रत्नमाला निघाली. मी तिच्या मांडीवर होते, आणि तिनं मला असं घट्ट धरलं होतं की माझ्या प्लॅस्टिकला घाम सुटला.

रामप्रसाद एका चहाच्या टपरीवर भेटला. खोलीवर चल म्हणाला नाही. का नाही म्हणाला ते तिनं विचारलं नाही, आणि मलाही अंदाज बांधायचा नाही. त्यानं तिची चौकशी केली, मेंढरं किती राहिली विचारलं. सगळं ठीक चाललं होतं. मग तिनं मला उघडून कशाला आले ते सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा बदलला.

"माझा पगार कागदावर आणायचा आन् मग कोर्टात जायचं. खावटी मागायची. मला कळत नाय व्हय?"

"मी खावटी मागाया आले नाय. कालेजात दाखवायला एक कागद मागतेय."

"आज कालेज, उद्या कोर्ट."

तो उठून गेला आणि तासाभरानं एक स्टॅम्प पेपर घेऊन परत आला. त्यावर टाईप केलं होतं की मी, रत्नमाला, माझ्या राजीखुशीनं लिहून देते की यापुढं पतीकडून कसलाही खर्च, हिस्सा किंवा घर मागणार नाही. यावर सही कर, दाखला चार दिवसांत पाठवतो, असं त्याचं म्हणणं होतं. इतक्या झटपट टाईप झालेला कागद मी उभ्या जन्मात दुसरा पाहिला नाही. खिडकीवरच्या कामांना दोन महिने आणि याला एक तास.

रत्नमालानं पेन मागितलं नाही. कागद घडी न घालता माझ्यात ठेवला. विचार करून सांगते म्हणाली.

परतीच्या गाडीत ती झोपली नाही. अहमदनगरच्या स्टँडवर सगळे उतरून चहा प्यायले, ती तशीच बसून होती. मला उघडायची, तो स्टॅम्प पेपर वाचायची, बंद करायची. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं, ठाऊक नाही. ज्याच्याकडून तीन वर्षांत काही आलं नाही, त्याच्याकडून पुढं येणार नाही एवढं लिहून द्यायला काय जातं, असंही वाटायचं. आणि एका कॉलेजच्या खिडकीसाठी बाईनं आपला हक्क लिहून द्यायचा, याचा संतापही यायचा.

दुसऱ्या दिवशी ती खिडकीवर गेली. मला आत सरकवलंच नाही. छातीशी धरून उभी राहिली.

"सर, नवऱ्याचंच उत्पन्न लागतं, हे कुठं लिहिलंय?"

"नियमच आहे तो."

"तो मला दाखवा. या कागदावर सही करायच्या आधी मला वाचायचाय." तिनं स्टॅम्प पेपर काचेला लावला.

सुदर्शन सरांनी तो काचेतून वाचला. हळूहळू, ओठ हलवत. मग उठले, मागच्या कपाटातून तीन-चार गठ्ठे काढले, धूळ झटकली आणि त्यातून चार पानांची नियमावली शोधून तिच्या हातात दिली. इथंच वाचा, नेऊ नका, म्हणाले. रत्नमालानं बाहेरच्या बाकावर बसून, एकेका ओळीवर बोट ठेवत ती वाचली. सातव्या कलमावर बोट थांबलं. ती उठून परत खिडकीशी आली आणि मोठ्यानं वाचलं: 'अर्जदार ज्या कुटुंबात मागील एक वर्ष प्रत्यक्ष राहत असेल, त्या कुटुंबाचे उत्पन्न ग्राह्य धरावे.' नवरा हा शब्द चारही पानांत नव्हता.

सुदर्शन सरांनी ती ओळ स्वतः दोनदा वाचली. त्यांच्या आधीच्या कारकुनानं त्यांना जे सांगितलं होतं, तेच ते सहा वर्षं पुढच्यांना सांगत आले होते. त्यांनी तसं कबूलही केलं. रत्नमालानं विचारलं, "मग या सहा वर्षांत माझ्यासारख्या किती जणी परत गेल्या असतील, सर?" सुदर्शन सर चष्मा काढून रुमालानं पुसत राहिले.

मुंजाबांचा दाखला काढायला पाच दिवस लागले, कारण मशीनवर त्यांचा अंगठा उमटेना. उमर गेली लोकर कातरण्यात, रेषा राहणार कुठून? शेवटी मधल्या बोटावर जमलं. तलाठ्यानं विचारलं की वर्षाचं उत्पन्न किती. मुंजाबा म्हणाले, मेंढरं किती ते सांगतो, चालंल का? तलाठी हसला, पण त्यानं नीट विचारून, लोकर किती, कोकरं किती विकली, खतासाठी मेंढरं दुसऱ्याच्या रानात बसवायचं काय मिळतं, असं करत हिशेब मांडला. दाखला हातात आल्यावर मुंजाबांनी आकडा रत्नमालाकडून वाचून घेतला.

"पन्नास वर्सं काम केलं," ते म्हणाले, "किती कमावतो ते आज कळलं."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी अर्ज भरला. त्यात एक रकाना होता, 'पती/पालकाचे नाव'. रत्नमालानं 'पती' वर रेघ मारली आणि पुढं मुंजाबा लिहिलं. सुदर्शन सर म्हणाले, खाडाखोड चालत नाही, कोरा अर्ज घ्या. तिनं कोरा अर्ज घेतला, सगळा पुन्हा भरला आणि त्या जागी आल्यावर परत तशीच रेघ मारली. यावेळी त्यांनी शिक्का मारला. कागद मोजताना स्टॅम्प पेपर हाताला लागला तेव्हा त्यांनी विचारलं, हा लावायचा का. ती म्हणाली, "नाय. तो परत पाठवायचाय." आणि त्याच दुपारी सही न करता टपालानं पाठवलाही.

शिकवणी शुल्क माफ झालं. नऊ हजार चारशे मात्र तिनंच भरले, तीन हप्त्यांत, आणि हप्ते मिळतात हेही तिनं विचारलं म्हणूनच कळलं. नाहीतर तेसुद्धा कुठल्या तरी कपाटात असणार. वर्षभर पहाटे उठून सकाळचे वर्ग, मग लॅब. जूनमध्ये ती पास झाली. गीताबाई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी स्वतः खुर्चीची गादी उलटी करून झटकली आणि तिला बसवलं. आता लॅबच्या अहवालांवर खाली तिची सही असते: रत्नमाला मुंजाबा.

हे सगळं गोड झालं असं म्हणून मला थांबता आलं असतं. पण या वर्षीचं नवं माहितीपत्रक परवा माझ्यात आलंय. रंगीत छपाई, गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर हसणाऱ्या मुलींचा फोटो. आणि खाली तेच: 'पात्र विद्यार्थ्यांस शुल्क माफ.' कोण पात्र, उरलेला खर्च किती, एक अक्षर नाही. मला रडावं की हसावं कळेना.

ते पत्रक आणलं दगडाबाईनं. ती करमाडची. शेंद्र्याच्या एका कारखान्यात डबे भरायचं काम करते, नवरा वारलेला, सासरी राहते. कुणीतरी तिला रत्नमालाकडं पाठवलं. खिडकीत आता सुदर्शन सर नाहीत, बदली होऊन नवा माणूस आलाय, आणि त्यानं तिला माहेरच्या उत्पन्नाचा दाखला आणायला सांगितलाय. रत्नमालानं कपाळाला हात लावला. मग तिनं माझ्यातले आपले सगळे कागद काढून घेतले आणि मला दगडाबाईच्या हातात दिलं. बरोबर एका वहीच्या पानावर सातवं कलम लिहून दिलं आणि सांगितलं, आधी ते चार पानी पुस्तक मागायचं, दिल्याबिगर हलायचं नाय.

तेव्हा मी आता करमाडला चाललेय आणि सोमवारी पुन्हा त्याच खिडकीवर येणार आहे. आत बसणाऱ्या साहेबांना माझी एक विनंती आहे. कागद मोजून झाले की एखादा वाचूनही बघा. आणि मला जरा सांभाळून उघडा. माझं बटण तुटलंय, खालून हात लावला नाही तर बाईचे सगळे कागद तुमच्या पायाशी पडतील.