जास्तीची अक्षरं

रोशनीनं पॅनलवर स्वतःचं नाव टाकलं, चाचणीचं बटण दाबलं आणि टेबलावरचा छोटा भोंगा कर्कश वाजू लागला.

“काय करून राहिली वं?” आतल्या खोलीतून दुर्गेशसर ओरडले.

“सर, जरा इकडे या ना. हे पाहा.”

ते चहाचा कप हातात घेऊनच आले. रोशनीनं भोंगा थांबवला, नावापुढे आपलं आडनाव जोडलं. ‘रोशनी खोब्रागडे’. पुन्हा तेच बटण दाबलं. पडद्यावर वायूचा आकडा भराभर चढत गेला. भोंगा मात्र गप्प राहिला. खोलीत फक्त कूलरचा आवाज येत होता.

धरमपेठेतल्या या दोन खोल्यांत दुर्गेश शीतगृहांसाठी पॅनल बनवत. शीतगृहात थंडाव्यासाठी अमोनिया फिरवतात. तो गळायला लागला आणि हवेतलं त्याचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेपुढे गेलं की पॅनलनं भोंगा वाजवायचा, एवढंच त्याचं काम. आतला प्रोग्रॅम सी भाषेतला, दुर्गेशनी स्वतः लिहिलेला. आता एका नव्या गिऱ्हाइकानं अट घातली होती, की बाहेरून कुणी घुसून या पॅनलशी खेळू शकत नाही अशी खात्री करून द्या. म्हणून दोन महिन्यांपूर्वी कामाला लागलेल्या रोशनीकडे तो सगळा प्रोग्रॅम आला होता. प्रोग्रॅम न चालवता, नुसता वाचून त्यातल्या कच्च्या जागा दाखवणारं एक टूल तिनं त्यावर लावलं. टूलनं ढीगभर इशारे दिले. बहुतेक बिनमहत्त्वाचे होते. एकापाशी ती सकाळपासून अडली होती.

“वायू तर दाखवून राहिला,” दुर्गेश म्हणाले. “मग वाजत काहून नाही?”

“लॉगिन करणाऱ्याचं नाव साठवायला आपण जागा ठेवली बत्तीस अक्षरांची. पण ती इंग्रजी अक्षरांच्या हिशोबानं, सर. मराठीत अक्षर, काना, वेलांटी, प्रत्येकाला तिप्पट जागा लागते. आणि नाव तिथे टाकताना ते मावतं की नाही, हे आपण पाहतच नाही. टूलनं नेमकी तीच ओळ दाखवली. मोठं नाव आलं की जास्तीची अक्षरं शेजारच्या जागेत सांडतात.”

“शेजारी काय आहे?”

“वायूची मर्यादा. ती मग कोट्यवधीत जाते. सगळी इमारत वायूनं भरली तरी पॅनलला तो कमीच वाटेल. छोटं नाव टाकलं, की मर्यादा पुन्हा मूळ आकड्यावर येते.” रोशनीच्या आवाजात चूक सापडल्याचा आनंद होता. “म्हणजे बाहेरून कुणी मुद्दाम लांब नाव पाठवलं, तर कुणाला न कळता भोंगा बंद. अहवालात हेच पहिलं...”

दुर्गेश ऐकत नव्हते. त्यांनी कप ठेवायला टेबलावर जागा शोधली, मग तो सरळ जमिनीवर ठेवला. खुर्ची ओढून ते कीबोर्डापुढे बसले. मराठी टाइप करायची त्यांच्या बोटांना सवय नव्हती. एकेक अक्षर शोधत त्यांनी एक नाव लिहिलं. ‘धम्मानंद गजभिये’.

बटण दाबलं. आकडा चढला. भोंगा वाजला नाही.

त्यांनी ते नाव पुसलं आणि दुसरं लिहिलं. ‘गोविंदा उके’. या वेळी भोंगा वाजला. तो वाजतच राहिला. दुर्गेशनी तो थांबवला नाही. शेवटी रोशनीनंच हात पुढे करून बटण दाबलं.

“सर, कोण आहेत हे?”

दुर्गेशनी चष्मा काढला. तो पुसायचं विसरून तसाच हातात धरला.

“हिंगण्याचं शीतगृह,” ते म्हणाले. “दोन वर्षं झाली. आपलंच पॅनल. कामगारांनी म्हटलं, पडदा मराठीत करून द्या. मी खुशीनं करून दिला. बाकीच्यांनी नुसती नावं टाकली. धम्मानंद ऑपरेटर होता, त्यानं आडनावासकट टाकलं. त्याच आठवड्यात वायू गळला. हा बाहेर पॅनलपाशी बसलेला, गोविंदा आत पेट्या लावत होता. वास बाहेर येईपर्यंत...” ते थांबले. “गोविंदा गेला.”

“आणि भोंगा?”

“सगळे म्हणाले, धम्मानंदनंच बटण दाबून गप्प केला असेल. दुसऱ्या दिवशी तपासायला मीच गेलो होतो. माझं नाव टाकलं. नुसतं ‘दुर्गेश’. भोंगा खणखणीत वाजला. मी लिहून दिलं, पॅनलमध्ये दोष नाही.”

रोशनीनं पडद्याकडे पाहिलं. टूलनं दाखवलेली ओळ तिथे अजून तशीच होती. जेमतेम बोटभर लांबीची.

दुर्गेशनी आधी फोन हातात घेतला आणि जिथे जिथे हे पॅनल बसवलं होतं तिथे तिथे सांगितलं, की आत्ताच्या आत्ता सगळी नावं काढा, नवा प्रोग्रॅम येईपर्यंत भोंग्यावर विसंबू नका, पॅनलपाशी माणूस उभा ठेवा. कुणी कारण विचारलं तर ते म्हणत, “चूक आहे. माझी आहे.” शेवटचा फोन झाल्यावर त्यांनी गाडीची किल्ली घेतली. दाराशी जाऊन ते वळले.

“तू येशील का? मले नीट सांगता नाही येणार.”

इंदोऱ्यातल्या गल्लीत पाण्याच्या निळ्या कॅन लादलेला एक मालवाहू ऑटो उभा होता. शीतगृहातलं काम सुटल्यापासून धम्मानंद घरोघरी कॅन पोचवायचा. तो अंगणात बाजेवर बसला होता. पन्नाशीचा, खांद्यावर ओला दुपट्टा. दुर्गेशना पाहून तो लगबगीनं उठला. त्याची बायको मनकर्णा दारात आली.

“साहेब, तुम्ही? या ना. ही पोरगी कोन?”

“माझ्याकडे काम करते.” दुर्गेश उभेच राहिले. “धम्मानंद, त्या दिवशी भोंगा तुम्ही बंद केला नाही. पॅनलच बिघडलेलं होतं. मी बनवलेलं.”

मग रोशनीनं सांगितलं. मराठी अक्षरं, कमी पडलेली जागा, शेजारची मर्यादा. तिनं मुद्दाम सावकाश सांगितलं. दुर्गेशनी आज त्याचं नाव टाकून पाहिलं आणि भोंगा वाजला नाही, हेही सांगितलं.

धम्मानंदनं सगळं ऐकून घेतलं. मग समजूत घातल्यासारखं तो हसला.

“नाही बाई. तुमची काहीतरी गल्लत होऊन राहिली. मीच बंद केला होता.”

“काका...”

“मले आठवते ना. डबल ड्युटी झाली होती, दुपारची डुलकी लागून राहिली होती. भोंगा वाजला अन् मी हात लांबवला. असा.” त्यानं हवेत हात पुढे केला, अंगठा दाबला. “बटन थंड होतं. तेही आठवते. इंदूबाईच्या घरी जाऊन मी सांगून आलो, तुहा नवरा माह्या हातानं गेला म्हनून. उगाच सांगन का कोनी असं?”

रोशनीनं दुर्गेशकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

“काका, भोंगा वाजलाच नव्हता,” ती म्हणाली. “बंद करायला काही नव्हतंच. तुमचं नाव आत होतं तोवर तो वाजूच शकत नव्हता.”

धम्मानंदनं हात खाली घेतला. आपल्या अंगठ्याकडे तो असा पाहत राहिला, जणू तो कुणी दुसऱ्याचा होता.

“ते मी सांगितलेलं आहे,” मनकर्णा म्हणाली.

तिघांनीही वळून पाहिलं. ती दाराची चौकट धरून खाली बसली होती.

“हे घरी आले त्या दिवशी एकच म्हनत होते. वाजलाच नाही वं मनकर्णे, वाजलाच नाही. जेवत नव्हते, झोपत नव्हते, तेच एक. कंपनीवाले म्हने कबूल करा, माफी लिहून द्या, नाहीतर पोलीस केस होते. मले भेव वाटलं. मीच म्हटलं, डुलकीत अंगठा लागला असन तुमचा, तुमाले समजलं नसन. रोज म्हटलं. जेवाले वाढता वाढता म्हटलं. मंग एक दिवस हेच म्हनाले, हाव, लागला होता.” तिनं पदर तोंडाशी धरला. “मले वाटलं, सुटलो.”

गल्लीतून एक स्कूटर गेली. धम्मानंदनं बायकोकडे पाहिलं. त्याच्या कपाळावरची शीर तटतटली आणि मग हळूहळू सैल झाली.

“रडू नको,” तो म्हणाला. “दुसरं काय करनार होतो आपन.”

“मी कंपनीला लेखी कळवतो,” दुर्गेश घाईघाईनं म्हणाले. “पोलिसांनाही. इंदूबाईंकडे मी स्वतः जातो, आजच जातो. तुमची नोकरी परत...”

“साहेब.” धम्मानंदनं त्यांना थांबवलं. “एक सांगा. भोंगा वाजला असता तं गोविंदा बाहेर निघाला असता?”

दुर्गेशनी रोशनीकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे.

“हो,” ते म्हणाले. “दार जवळच होतं. निघाला असता.”

त्यांनी आधारासाठी हात बाजूला नेला. तिथे धरायला काही नव्हतं.

धम्मानंद बाजेवर एका कडेला सरकला आणि शेजारची जागा हातानं झटकली.

“बसा,” तो म्हणाला. “सुरुवातीले पायात जोर राहत नाही.”