वीतभर बर्फ

आमच्या ट्रेंटा खोऱ्यात त्या घळीला धुराडं म्हणतात. उभी, अरुंद, दोन्ही बाजूंना काळा कातळ आणि वरच्या टोकाला खिंड. दर वसंतात बाबा ती पायी चढून स्कीवरून उतरायचे. एकोणचाळीस वर्षं झाली होती, हे चाळिसावं. मे महिन्यात त्यांचा उजवा गुडघा बदलायचा होता आणि डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, त्यानंतर सपाटीवर चालायचं आणि देवाचे आभार मानायचे. म्हणजे यंदा खिंड गाठली तर गाठली. बाबा हे मोठ्याने बोलत नव्हते, पण महिनाभर रोज सकाळी स्कींना मेण चोळत बसायचे. एवढं मेण आमच्या चर्चला वर्षभरातही लागत नसेल.

वसंतातली घळ उन्हाच्या तालावर चालते. रात्री बर्फ गोठून टणक होतो, तो तसा असेपर्यंत चढायचं. ऊन लागून वरचा बोटभर थर मऊ झाला की उतरायचं. त्याहून मऊ झाला तर अख्खी घळ अंगावर येऊ शकते. ते ओळखायची बाबांची एक रीत होती. स्कीची काठी उलटी धरायची, मूठ खाली, आणि घळीच्या मधोमध बर्फात हलकेच दाबायची. वीतभरापेक्षा जास्त आत गेली, तर असाल तिथून वळायचं. मी बारा वर्षांची असताना त्यांनी मला हे शिकवलं, ते याच घळीत. तेव्हाही खिंड अगदी समोर दिसत होती आणि मी भोकाड पसरलं होतं. "खिंड कुठे पळून जात नाही," म्हणाले होते आणि मला खाली घेऊन आले होते.

या वेळी आम्हाला उशीर झाला. मी पुढे बुटाने लाथा मारत पावठ्या करत होते आणि बाबा दर वीस पावलांवर थांबत होते.

"गुडघा दुखतोय का?"

"रानबकरा बघतोय."

"कुठाय?"

"गेला. तू बडबडलीस ना."

सव्वानऊला ऊन घळीत उतरलं. थोड्या वेळाने कातळावरून सुटलेले बारीक खडे बाजूने घरंगळायला लागले. खिंड साठेक पावलांवर होती. मी थांबले आणि म्हणाले, काठी घालून बघा.

बाबा डाव्या कडेला सरकले. तिथे कातळाची सावली होती, ऊन अजून पोचलं नव्हतं. त्यांनी काठी उलटी करून दाबली. "बघ, चार बोटं. चल."

आधी मला वाटलं, टेकायला म्हणून कडेला गेले असतील. मग लक्षात आलं, ते माझ्याकडे बघत नाहीयेत. मला भीती वाटायच्या आधी रागच आला. बारा वर्षांच्या पोरीला रडवून खाली नेलं होतं या माणसाने.

"बाबा, मधे घाला."

"आत्ताच घातली की."

"ती सावलीत. मधे घाला."

"साठ पावलं आहेत, येरित्सा."

"मला मोजता येतात."

"आईसारखं बोलू नकोस."

"आई इथे असती तर तासाभरापूर्वीच कान धरून वळवलं असतं तुम्हाला."

दोन पावलं आडवं येऊन बाबांनी मधोमध काठी टेकवली. जोर लावावाच लागला नाही. मूठ गेली, पट्टा गेला, काठी जात राहिली. त्यांनी तिथेच बोटाने खूण धरून ती बाहेर काढली आणि हातमोजा काढून वितीने मोजली, तशी गरज नसताना. दीड वीत भरली. त्यांनी एकदा खिंडीकडे बघितलं. मग बर्फाच्या कुऱ्हाडीने उभं राहण्यापुरती जागा खोदली, बुटांना बांधलेले लोखंडी काटे काढले आणि पाठीवरच्या स्की पायांत चढवल्या.

एका वेळी एकानेच उतरायचं असतं, म्हणून बाबा आधी निघाले आणि मी वर थांबले. भरलेलं ताट धरल्यासारखे दोन्ही हात पुढे, छोटी उडी, वळण, पुन्हा उडी. दर वळणाला ओला बर्फ सळसळत खाली जायचा, मग ते थांबून त्याला पुढे जाऊ द्यायचे. दुखरा गुडघा मला कुठेच दिसला नाही. मला त्यांचा अभिमान वाटत होता आणि आपण काय करून बसलो, असंही वाटत होतं.

खाली घळीच्या वाटेतून बाजूला होऊन आम्ही एका धोंड्यावर बसलो. पाव आणि सॉसेज खाल्लं. निघायला हवं होतं, पण दोघंही वर बघत राहिलो. घळ कोसळावी असं मला मनापासून वाटत होतं. त्यांनाही वाटत असणार. अकरा वाजले, बारा वाजले. चार खडे आले तेवढेच.

"पडत नाहीये," मी म्हणाले.

"दिसतंय मला."

खाली डोंगर चढणाऱ्यांसाठीच्या झोपडीत मिंकाने अक्रोडाची पोतित्सा, आमच्याकडचा सणाचा गोड पाव, करून ठेवली होती, खास चाळिसाव्यासाठी. झोपडी चालवायचं तिचं हे तिसावं की एकतिसावं वर्ष, आणि तेव्हापासून ती बाबांना बघत आलेली. शेजारच्या टेबलावर तीन-चार स्कीवाले बसले होते.

"झालं का चाळिसावं?" मिंकाने विचारलं.

"नाही. वळलो."

"गुडघा?"

"बर्फ. दीड वीत."

"मग पडली का घळ?" शेजारच्या टेबलावरून एका दाढीवाल्याने विचारलं.

"नाही पडली."

तो दाढीतल्या दाढीत हसला. मी वळवलं त्यांना, असं मी सांगणार होते. तोंड उघडलंसुद्धा. बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"काठी मी घातली," ते त्या माणसाला म्हणाले. "मधोमध."

त्यात खोटं काहीच नव्हतं. मला एकदम भरून आलं आणि मी ताटलीत मान घातली. पोतित्सा कापता कापता मिंका थांबली. "हिला काय झालं?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "वळलं की रडते ती. बारा वर्षांची असल्यापासून."