पंचाची सही

देवरावचं डोकं असं तापलं होतं, की विमलताई वकिलांनी पुढं केलेला चहासुद्धा त्यानं बाजूला सारला.

"सिनेमात बारा जण बसतात न्याय कराले. तेच्यात आपले माणसं कसे बसवता येतीन, तेवढं सांगा ताई."

"ते आपल्याकडं कधीच बंद झालं, भाऊ. निकाल एकटे जजसाहेब देतील." विमलताईंनी कागद उलटला. "तुमच्या पोराच्या, संघर्षच्या खोलीतून चोरीची तांब्याची तार निघाली म्हणतात. ती निघताना पाहिली, अशी दोन पंचांची सही आहे. हे पंच पोलिसांनी निवडलेत."

पहिलं नाव फुलचंदचं. ठाण्यासमोरचा पानठेलेवाला! झडतीच्या दिवशी संघर्ष मुकुटबनच्या बाजारात होता, देवराव स्वतः दारात उभा होता. पोलीस रिकाम्या हातानं गेले होते. फुलचंद तर गल्लीतही फिरकला नव्हता.

देवराव तडक ठेल्यावर गेला. "काहून बे, तू माह्या घरी कधी आलता? माह्या पोराची जिंदगी बरबाद केली, लाज नाही वाटली तुले?"

फुलचंद पानाला चुना लावत राहिला. "साहेबानं कागद देला, मी सही केली. अन् खेमसिंगच्या पोराच्या, शामच्या टायमाले तू कुठं गेलता पाह्याले? याच बाकड्यावर बसून सही ठोकली तू. चहा म्याच पाजलता."

देवराव त्याच बाकड्यावर टेकला. तो ग्रामपंचायतीचा शिपाई. ठाण्यातून हाक आली की पळत जायचा, आणि आज आपण पंच होतो म्हणून बायकोला, कांताबाईला तोऱ्यात सांगायचा. शामच्या घरून चोरीची मोटारसायकल निघाली, असा तो कागद होता. सोमवारी त्याच खटल्यात देवरावची साक्ष होती. पोलिसांविरुद्ध बोललं, तर ते संघर्षला सोडणार नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सोमवारी सरकारी वकिलांनी कागद दाखवला. "सही तुमचीच ना? गाडी जप्त होताना पाहिली?"

"सही माहीच आहे." देवरावनं दात आवळले. राग आता स्वतःचाच येत होता. "पण म्या काहीच नाही पाह्यलं साहेब. ठेल्यावर बसून सही केली."

बाहेर व्हरांड्यात खेमसिंग समोर आला. देवरावला वाटलं, म्हातारा आता हात जोडेल.

खेमसिंगनं त्याची कॉलर धरली. "चौदा महिने माहा शाम जेलात सडला. तवा काहून नाही बोलला बे? लाज नाही वाटली तुले?"

देवरावनं कॉलर सोडवून घेतली नाही.